हिरवळीचा हिशेब

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि शहापूर तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. मुरबाडवरून जाणारा कल्याण-नगर रस्ता तर माळशेजच्या पावसाळी पर्यटकांनी पूर्वीपासूनच गजबजलेला असतो. रस्त्यामागून प्रवासी येतो, प्रवाशामागून मुक्कामाची सोय येते आणि मुक्कामामागून करमणूक येते, हा क्रम जगभर सारखाच आहे. माहुलीच्या पायथ्यापासून सिद्धगडाच्या कुशीपर्यंत गेल्या काही दशकांत जी शेतघरे, विश्रामधामे आणि तारेच्या कुंपणातले भूखंड दिसू लागले, ते याच क्रमाचे फलित होय. पोहण्याचे तलाव झाले, कृत्रिम धबधबे झाले. राज्यातील अशा वसाहतींच्या जाहिरातपत्रकांत त्यापुढची पायरी म्हणून जो शब्द आढळतो तो गोल्फ हा आहे. शहापूर-मुरबाडची ओळख अद्याप या खेळाशी जोडली गेलेली नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार आत्ता करणे सोयीचे आहे. मैदान झाल्यानंतर करावयाचा विचार बहुधा न्यायालयातच करावा लागतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिला असलाच तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, आणि तेथेही चेंडू कोठे जाऊन पडला हे अखेरपर्यंत उमगलेले नसते. तेव्हा धनिकांचा चोचला म्हणून त्याला नाक मुरडणे सोपे आहे. तशी टीका येथे करावयाची नाही. आठवडाभर मुंबईच्या गर्दीत आणि कचेरीच्या बंद हवेत दमलेला माणूस शनिवारी येथे येतो, झुंजुमुंजू होताच काठ्यांची पिशवी घेऊन निघतो, माहुलीच्या सुळक्यांवरचे धुके विरत असताना चार तास मोकळ्या हवेत चालतो आणि ऊन चढण्यापूर्वी परततो, यात गैर असे काहीच नाही. साठी उलटलेल्या माणसालाही मनापासून खेळता येतील असे मैदानी खेळ मुळात थोडेच. आक्षेप खेळाला नाही आणि पाहुण्यालाही नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या पाहुण्याच्या पायाखालची हिरवळ कोणाच्या पाण्यावर वाढणार, आणि त्या पाण्याची किंमत कोणाच्या खाती पडणार.

खेळ आणि जमीन

गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. १४५७ मध्ये तेथील संसदेने या खेळावर बंदी घातल्याची नोंद आहे; धनुर्विद्येचा सराव सोडून लोक गोल्फच्या नादी लागतात, अशी तक्रार होती. हा खेळ जेथे वाढला ती जमीन समुद्रकाठची, रेताड, शेतीला निरुपयोगी अशी होती. गवत आपोआप उगवे, पाऊस बारा महिने शिंपडून जाई आणि मेंढ्या चरून ते गवत आखूड ठेवीत. म्हणजे पाण्याचा खर्च नाही, कापणीचा खर्च नाही आणि जमिनीला दुसरा उपयोग नसल्यामुळे अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात तोही जवळजवळ नाही. जमीन जशी होती तशी खेळाने स्वीकारली होती. खेळाचे नियमही त्या जमिनीवरूनच घडले.

इंग्रजांबरोबर हा खेळ आपल्याकडे आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुन्या क्लबांत त्याची गणना होते. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ सुरू झाला, आणि चेंबूरचे प्रेसिडेन्सी क्लबाचे मैदान १९२७ पासून आहे. परंतु बंगालची ओल सर्वत्र नव्हती. छावण्यांच्या गावी आठ-आठ महिने पावसाचा थेंब नसे. तेथे साहेबांनी, आणि पुढे आपल्या लष्करी अधिकाऱ्यांनीही, एक व्यवहारी तोड काढली. चेंडू ज्या खड्ड्यात घालवायचा त्याभोवतीची जागा स्कॉटलंडात हिरवीगार असते, म्हणून तिचे नावच ‘ग्रीन’. येथे त्या जागी वाळूत तेल मिसळून, लाटून गुळगुळीत केलेला तपकिरी चौथरा असे आणि त्याला सरळ ‘ब्राउन’ म्हणत. पाण्याचा प्रश्नच उरत नसे. आखाती देशांत तेल कंपन्यांच्या नोकरांनी तर साऱ्या वाळवंटातच असा खेळ मांडला. खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर बाळगी आणि चेंडू त्यावर ठेवून टोला मारी. या लोकांना खेळाची मजा काही कमी वाटत होती असे दिसत नाही.

हा शहाणपणा पुढे मागे पडला. दुबईत १९८८ मध्ये संपूर्ण हिरवळीचे मैदान वाळवंटात उभे राहिले. समुद्राचे पाणी गोडे करून ते गवताला पाजण्यात आले. ज्या देशाजवळ तेलाचा पैसा आहे त्याने तो कसा खर्चावा हा त्याचा प्रश्न. परंतु त्या चित्रांनी जगभरच्या पाहुण्यांच्या अपेक्षा बदलल्या. थायलंड असो, फिलिपाइन्स असो की कोकण असो, उष्ण मुलखात सुटीला गेलेल्या पाहुण्याला आता सर्वत्र तीच हिरवळ हवी असते. पूर्वी खेळ जमिनीप्रमाणे बदलत होता. आता जमीनच खेळाप्रमाणे बदलावी लागते, आणि खर्चाला सुरुवात होते ती येथून.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उष्ण प्रदेशातील गोल्फच्या मैदानांवर जे गवत प्रामुख्याने लावतात ते अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे, १९५० व १९६० च्या दशकांत संकर करून तयार केलेले आहे. त्या संकराचे एक कूळ आफ्रिकेतील आणि दुसरे म्हणजे आपली हरळी; तीच हरळी, जिच्या कोवळ्या अंकुरांना आपण दूर्वा म्हणतो आणि गणपतीला वाहतो. मुरबाडचा शेतकरी आयुष्यभर कुदळीने हरळीची मुळे खणून बांधावर फेकत आला. त्याच कुळातली रोपे पैसे मोजून आणायची, त्यांना खत घालायचे, रोज पाणी द्यायचे आणि त्यांत दुसरे काही उगवले तर ते तण म्हणून उपटायचे! वस्तूची किंमत वस्तूत नसून मागणीत असते हे वर्गात शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

ठाणे जिल्ह्याला गवताचे अर्थकारण नवे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतले गवत कापून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवणे हा येथील जुना धंदा. जमीनमालकाला धान्यापेक्षा गवत परवडे, कारण त्याला नांगरट लागत नसे आणि मजूरही थोडेच लागत. १९४५ च्या ऑक्टोबरात डहाणू-तलासरी-उंबरगाव या, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पट्ट्यात वारल्यांनी जो संप केला त्याची मागणी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी ही होती. त्या आंदोलनात तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. पुढे १ सप्टेंबर १९५३ रोजी, उंबरगावच्या पलीकडे पारडी तालुक्यात, गवताच्या जमिनीत धान्य पिकवू द्या या मागणीसाठी आदिवासींनी सत्याग्रह आरंभिला आणि तो अनेक वर्षे चालला. त्या गवताची कापणी निदान गुरांच्या पोटासाठी होती. गोल्फच्या हिरवळीवर यंत्राने कापलेले गवत गुरालाही घालता येत नाही; त्यावर औषधे फवारलेली असतात. तरीही मूळ प्रश्नाचे स्वरूप फारसे बदललेले नाही. जमिनीवर काय उगवावे हे कोणी ठरवायचे, आणि त्या उगवणीत स्थानिक माणसाचा वाटा कोणता, हाच तो प्रश्न.

पंधरा लाख लिटर

आता आकड्यांकडे वळू. अठरा खड्ड्यांच्या पूर्ण मैदानाला साधारणपणे पन्नास ते साठ हेक्टर जमीन लागते. त्यातील तीस हेक्टरांना नियमित पाणी द्यावे लागेल असे धरू. झाडी, पायवाटा, वाळूचे खड्डे आणि तळी वगळली आहेत. उन्हाळ्यात अशा गवतातून दिवसाला चार मिलिमीटरांच्या आसपास पाणी उडून जाते. फवाऱ्यातील नासाडी धरली की द्यावे लागणारे पाणी पाच मिलिमीटर होते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. तीस हेक्टरांवर पाच मिलिमीटर म्हणजे दिवसाला पंधरा लाख लिटर.

ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या प्रमाणाने पंधरा लाख लिटर पाणी सत्तावीस हजार माणसांना पुरते. दहा हजार लिटरांच्या टँकरमध्ये भरले तर दीडशे टँकर होतात. आणखी एका अंगाने पाहू. मैदानावर दिवसाला सरासरी साठ खेळाडू येतात असे समजा. मग एका खेळाडूच्या एका सकाळच्या खेळामागे पंचवीस हजार लिटर पाणी पडते. वरच्या प्रमाणाने एका माणसाला ते सुमारे पंधरा महिने पुरले असते. येणारा पाहुणा प्रवेशशुल्क देतो, मुक्कामाचे भाडे देतो, पिशवी वाहणाऱ्या कॅडीला बक्षिसी देतो. या पंचवीस हजार लिटरांचे मात्र तो काहीही देत नाही. तो कृपण आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या बिलात ती ओळच नाही म्हणून.

शहापूर-मुरबाडला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, मग एवढ्याची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. पण तो पडतो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि खाली काळा कातळ असल्यामुळे त्यातला फार थोडा मुरतो. त्या चार महिन्यांत मैदानावर चिखल असतो आणि पाहुणे धबधब्यांकडे वळतात. गोल्फचा हंगाम सुरू होतो तो पाऊस सरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, आणि चालतो मेअखेरपर्यंत. हिरवळीची तहान सर्वाधिक असते ती मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांत, जेव्हा दुपारी पारा चाळिशीला टेकतो. नेमके याच महिन्यांत कसारा परिसरातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांची रांग लागते. गोल्फचा हंगाम आणि टँकरचा हंगाम एकच आहे. वर्षाच्या सरासरीत ही गोष्ट दिसत नाही. सरासरीने पुष्कळदा दिलासा मिळतो, पाणी मिळत नाही.

शहापूरची परिस्थिती तर प्रसिद्धच आहे. तानसा धरण १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे आणि त्यानंतरचे भातसा. ही धरणे या तालुक्यात किंवा त्याच्या सीमेवर. मुंबईच्या जलाशयांतील एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या अंगाला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. त्याची उंची वाढवताना तालुक्यातील गावपाडे पाण्याखाली गेले. काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. तात्पर्य, पाणी कोणासाठी हा वाद येथे गोल्फची वाट पाहत बसलेला नाही.

येथेच विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद उभा राहतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. मुंबईला दिवसाला ३८०० दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी पुरवले जाते. आपल्या कल्पित मैदानाला हिवाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त, असे सरासरी बारा लाख लिटर धरले आणि कोरड्या हंगामाचे २४० दिवस धरले, तर वर्षाचे पाणी २९ कोटी लिटरांच्या आत भरते. मुंबई एवढे पाणी दोन तासांपेक्षा कमी वेळात पिऊन टाकते. मग साऱ्या रोषाचे लक्ष्य एक मैदानच का?

याचे उत्तर असे की, पाणी किती घेतले याइतकेच ते कोठून घेतले यालाही महत्त्व आहे. धरणाचे पाणी मुंबईसाठी राखलेले असते. ते गावालाही सहजासहजी मिळत नाही आणि विश्रामधामालाही मिळणार नाही. विश्रामधाम विंधनविहिरी घेणार. ज्या कातळाच्या फटींतून त्या विहिरींना पाणी येणार, त्याच फटींतून शेजारच्या पाड्याच्या विहिरीलाही झरे फुटतात. बेसाल्टातील असा साठा आटोपशीर असतो. महानगराच्या मापाने जे नगण्य, ते त्या एका खोऱ्याच्या मापाने सर्वस्व ठरू शकते. भातसाचे पाणी गेले ते धरणात, डोळ्यांदेखत गेले. हे पाणी जाईल ते जमिनीखालून, आणि विहीर दीड महिना आधी का आटली हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही.

कायद्याची मदत आहे, पण ती अर्धवट आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून, ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी, ही धारणा आपल्याकडे रुजली आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खणू नये, असे बंधन राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने घातले. २००९ च्या कायद्याने ती चौकट अधिक व्यापक केली. कागदावर हे पुरेसे वाटते. पण रात्रीत खणलेली विंधनविहीर आणि तलाठ्याच्या दप्तरातली नोंद यांच्यातील अंतर ज्यांना ठाऊक आहे, ते कागदावर फार विसंबणार नाहीत.

रोजगाराचा युक्तिवाद

पाण्याइतकाच रोजगाराचाही विचार केला पाहिजे, कारण तो टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे शहरात बसून गावाला उपदेश करणे होय. दिवाळी झाली की या दोन तालुक्यांतील कातकरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. पोरांच्या शाळा मध्येच सुटतात. मालकाकडून आधी घेतलेली उचल हंगामाच्या शेवटी फिटलेली नसतेच. म्हणजे गोल्फचा हंगाम हा केवळ टँकरचा हंगाम नाही, तो स्थलांतराचाही हंगाम आहे. एखाद्या मैदानावर माळी, कापणी यंत्राचे चालक, कॅडी, स्वयंपाकघरातील आणि खोल्यांवरील नोकर मिळून शे-सव्वाशे माणसांना नेमके याच महिन्यांत गावातच काम मिळाले, तर ते थोडे नव्हे. वीटभट्टीच्या धुराड्यापेक्षा हिरवळीवरचे काम माणुसकीचे आहे, हे नाकारण्यात काय हशील?

तरीही तुलना रिकाम्या हातांशी करून भागत नाही. त्याच पाण्याच्या दुसऱ्या उपयोगाशी ती करावी लागते. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांनी भातानंतर भेंडी घेण्यास सुरुवात केली, आणि येथली भेंडी परदेशीही जाते. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एकराला तोडणीच्या दिवशी चार माणसे धरली तर मैदानाच्या पंचाहत्तर एकरांइतक्या भेंडीला रोज दीडशे माणसांचे काम निघते. शिवाय जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहते. भेंडीचा हंगाम आटोपता असतो आणि भाव केव्हा कोसळेल याचा नेम नाही, ही तिची उणी बाजू. मैदानावरची नोकरी त्या मानाने स्थिर. तेव्हा रोजगाराच्या तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच झुकतात असे म्हणावे लागेल. फरक पडतो तो मालकीत. भेंडीच्या शेतातला माणूस भाव पडला तर पुढच्या वर्षी काकडी लावील. मैदानावरच्या माळ्याला असा पर्याय नाही.

आणि मैदान स्थिर राहील याची तरी शाश्वती काय? अशा वसाहतींचे खरे उत्पन्न खेळाच्या शुल्कातून येत नाही, ते भोवतालच्या भूखंडांतून येते. हिरवळ दिसणारा बंगला महाग विकला जातो. म्हणजे हिरवळ ही एक मोठी, सजीव जाहिरात असते. जपानमध्ये १९८० च्या दशकात गोल्फ क्लबांची सदस्यत्वे शेअरांसारखी खरेदी-विक्रीत होती. जमिनीच्या किमतींचा फुगा फुटला आणि त्या सदस्यत्वांचे भावही कोसळले. आपल्याकडे सहारा समूहाच्या ॲम्बी व्हॅलीत अठरा खड्ड्यांचे मैदान आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समूहाच्या देण्यापोटी ती सारी मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला. त्या प्रकरणाचे कारण गोल्फ नव्हते. पण मालकाचे अर्थकारण बिघडले की हिरवळीवर पोट असलेल्या गावाचे काय होते, याचा विचार करायला ते पुरेसे आहे. भूखंड विकून झाल्यावर गवताला पाणी पाजण्यात कोणाचा स्वार्थ उरतो, हा प्रश्न विक्रीच्या कचेरीत कोणी विचारत नाही.

जगात अशा मैदानांना विरोध झाला नाही असे नाही. २९ एप्रिल १९९३ रोजी आशियातील काही संघटनांनी पुढाकार घेऊन ‘जागतिक गोल्फविरहित दिन’ पाळला. मेक्सिको शहराजवळचे तेपोस्त्लान हे गाव तर शहापूरच्या वाचकाला ओळखीचे वाटावे असे आहे. महानगरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, डोंगरांच्या पायथ्याशी, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे. तेथे १९९५ मध्ये गोल्फ मैदान आणि बंगल्यांचा प्रकल्प आला. आपले पाणी जाईल म्हणून गावकऱ्यांनी नगरप्रमुखाला हुसकावून लावले. एप्रिल १९९६ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत एका वृद्ध गावकऱ्याचा बळी गेला आणि त्यानंतर कंपनीने प्रकल्प सोडून दिला. आपल्याजवळचे उदाहरण सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यातील तेरेखोलचे. खाडीपलीकडच्या या चिमुकल्या गावात गोल्फ मैदानासह आलिशान विश्रामधामाचा प्रस्ताव आला, काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांनी आपले हक्क पुढे केले आणि प्रकरण न्यायालयात व हरित लवादापुढे गेले. दोन्ही ठिकाणी गावाला आधी विचारले असते तर निम्मा संघर्ष टळला असता असे वाटते.

मग गोल्फ नकोच का? असा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. मैदानाची जागा कोठे असावी याचे एक साधे उत्तर अर्थशास्त्रापाशी आहे. गवताला गोडे, पिण्याजोगे पाणी लागत नाही. शुद्ध केलेले सांडपाणी त्याला उत्तम चालते आणि अनेक देशांत ते दिलेही जाते. सांडपाणी असते शहरात. शहापूरचे पाणी मुंबई पिते आणि वापरून समुद्राला देते. कल्याण, भिवंडी, बदलापूर, अंबरनाथ यांचे सांडपाणी खाडीत नाहीतर उल्हास नदीत जाते. तेव्हा गोल्फचे मैदान शहराच्या कडेला, शुद्धीकरण केंद्राच्या जवळ असावे. त्यात पाहुण्याचा प्रवासही वाचतो. सिडकोने खारघरला मैदान केले ते निदान शहराच्या कुशीत आहे. उगमाच्या प्रदेशात, जेथे खताचे आणि औषधांचे पाणी उतारावरून थेट मुंबईच्या जलाशयांत उतरू शकते, तेथे ते नेण्यात मुंबईचेही हित नाही.

कोणाला डोंगराच्या सान्निध्यातच खेळायचे असेल, तर नऊ खड्ड्यांचे लहान मैदान करावे, फेअरवेवर पावसाळी गवत असू द्यावे आणि ते मार्चमध्ये वाळले तर वाळू द्यावे, खड्ड्यांभोवती जुन्या पद्धतीचे ‘ब्राउन’ करावेत. चेंडू वाळलेल्या गवतावरून अधिक दूर घरंगळतो, हा खेळाडूचा फायदाच. छायाचित्र तितकेसे चांगले येणार नाही, हे मान्य.

राहिला परवानगीचा प्रश्न. शहापूर तालुका आणि मुरबाडमधील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने व राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेला आपल्या पाण्या-जमिनीबाबत बोलण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार सहसा ठराव मंजूर अथवा नामंजूर करण्यापुरता वापरला जातो, आणि ठरावाच्या आदल्या रात्री काय काय घडते हे सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी ग्रामसभेने हिशेब मागावा. विंधनविहिरी किती, कोणत्या गटक्रमांकात आणि किती खोल. प्रत्येकीला पाणीमापक बसवणार की नाही. गावच्या विहिरींची पातळी मार्च, एप्रिल आणि मे महिन्यांच्या पहिल्या तारखेस मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोण लिहिणार. कायम नोकऱ्या किती आणि त्या मालक बदलल्यावरही टिकणार काय. आणि विहिरीचे पाणी ठरलेल्या खुणेखाली गेले की मैदानाचे फवारे त्याच दिवशी बंद होतील, ही अट करारपत्राच्या कितव्या पानावर आहे, ते पान ग्रामसभेत वाचून दाखवावे.